सतराव्या प्रभागाचं मत

नगरपरिषदेच्या सभा लिपिकांना सगळे कलमकाका म्हणत. समोर नुसतं काका, पाठीमागे कलमकाका. कोणी काही विचारलं की त्यांच्या तोंडून आधी कलम बाहेर पडायचं आणि मग उत्तर. पंखा लावू का म्हणून विचारलं तरी हा माणूस क्षणभर थांबून नियम आठवून बघतो, असं नगरसेवक सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

यामागचं खरं कारण एकट्या काकूंना माहीत होतं. काका भित्रे होते. घरातून निघताना गॅस बंद आहे का हे ते पुनःपुन्हा बघायचे, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत बघायला यायचे. कुत्रं दिसलं की गल्ली बदलायचे. मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला तर घरातसुद्धा उभं राहून बोलायचे. काकू म्हणायच्या, "लग्नात माझ्या गळ्यात हार घालताना यांचे हात इतके कापत होते, की हार माझ्या कानातच अडकला." नियम हातात असला की डोकं चालवावं लागत नाही, डोकं चालवलं नाही तर चूक होत नाही, आणि चूक झाली नाही तर कोणी अंगावर येत नाही, असा काकांचा साधा हिशेब होता. या हिशेबावर त्यांची उभी नोकरी निभावली होती. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि ते महिने गुपचूप जावेत एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं.

पण गुपचूप राहू देतील तर ते नगरसेवक कसले. कोणाचा पाय मोडलेला, कोणाच्या मांडीवर तान्हं मूल, कोणाची नोकरी परगावी. सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या, तेव्हा वरून आदेश आला की हायब्रिड सभा घ्या. म्हणजे ज्यांना येता येतं त्यांनी सभागृहात यावं, ज्यांना येता येत नाही त्यांनी घरून लॅपटॉपवर बसावं, आणि सगळ्यांचे चेहरे सभागृहातल्या मोठ्या स्क्रीनवर दिसावेत. गावातल्या लोकांनाही घरबसल्या सभा बघता यावी, म्हणून ती थेट इंटरनेटवर दाखवायची.

पहिल्याच सभेत तमाशा झाला. एक नगरसेवक गाडी चालवता चालवता बोलत होते आणि मध्येच समोरच्या रिक्षावाल्याला शिव्या देत होते. दुसऱ्यांच्या चौकटीत नुसता काळोख होता आणि त्या काळोखातून घोरण्याचा आवाज येत होता. तिसऱ्यांना मत विचारलं तर त्यांचं तोंड उघडायच्या आत त्यांच्या थोरल्या भावाचा आवाज आला, "विरोध म्हण, विरोध." सभागृह पोट धरून हसलं. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की याची काहीतरी नियमावली करा, नाहीतर उद्या लोक म्हशीला कॅमेऱ्यासमोर बसवून मत टाकतील.

काकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे नियम लिहायला मिळाले, आणि त्यांनी ते मन लावून लिहिले. घरून बसणाऱ्याचा चेहरा स्वच्छ उजेडात दिसला पाहिजे. फोन समोरच्या टेबलावर, कॅमेऱ्याला दिसेल असा, पालथा आणि आवाज बंद करून ठेवायचा, म्हणजे कोणी निरोप पाठवून मत फिरवू नये. मतदानाच्या आधी लॅपटॉप उचलून खोलीच्या चारी भिंती फिरवून दाखवायच्या, म्हणजे कोपऱ्यात कोणी थोरला भाऊ दडलेला नाही याची खात्री. खोली दाखवून झाल्यावर मत द्यायच्या आधी जागेवरून उठलेल्याचं मत धरायचं नाही. आणि मतं प्रभागाच्या क्रमानेच घ्यायची, एकपासून सतरापर्यंत. ही नियमावली इतकी चोख झाली की आसपासच्या गावांतल्या लिपिकांनी तिच्या प्रती मागून नेल्या. काकांनी ती बातमी काकूंना जेवताना दोनदा सांगितली. काकूंनी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

सतराव्या प्रभागाच्या नगरसेविका म्हणजे बालवाडीच्या बाई. जन्म मुलांची नाकं पुसण्यात गेला आणि गेल्या निवडणुकीत त्याच मुलांच्या आयांनी त्यांना उभं करून निवडून आणलं. घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई, जी वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जायची आणि तेवढ्यानेच दमायची. बाईंना सभेचं कामकाज काही कळत नव्हतं. उपसूचना म्हणजे काय, हरकत कधी घ्यायची, ठराव कसा मांडायचा, हे सगळं काकांनी त्यांना शिकवलं. बाई वहीत लिहून घेत आणि पुढच्या वेळी पाठ म्हणून दाखवत. काकांनी इतकी वर्षं इतक्या नगरसेवकांना इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या, पण घरचा अभ्यास करून येणाऱ्या या एकट्याच.

त्यांचा ठराव कचऱ्याचा होता. बालवाडीमागच्या मोकळ्या जागेवर ठेकेदार शहराचा कचरा टाकायचा, ते ठीक होतं, तसा ठेकाच होता. पण त्या कचऱ्यात दवाखान्यांच्या सुया, रक्ताचे बोळे, औषधांच्या बाटल्या यायला लागल्या. एका पोराच्या पायात सुई घुसली. बाईंनी फोटो काढले, दवाखान्यांत जाऊन विचारलं, आणि ठेका रद्द करण्याचा ठराव मांडला. मतांची जुळवाजुळव अशी झाली होती की ठराव तरला तर एका मताने तरणार होता. एक जरी माणूस गळला तर बुडणार होता. हे गावाला माहीत होतं, आणि ठेकेदारालाही.

आधी बाईंना गोड बोलून सांगितलं गेलं. मग तिखट बोलून. मग एक दिवस बाई बाजारातून घरी आल्या तर दार उघडं. आत काही मोडलेलं नाही, काही गेलेलं नाही. फक्त आईचा पलंग उचलून उलट्या दिशेने फिरवून ठेवलेला, आईचं तोंड भिंतीकडे. आई त्यावरच होती. तिला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. आईने सांगितलं की दोन माणसं आली, त्यांनी पलंग फिरवला आणि बजावलं की मुलीला सांगा, आम्ही येऊन गेलो.

पोलिसांनी तक्रार लिहायला घेतली आणि चोरीला काय गेलं ते विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही. मग पोलिसांनाही काय लिहावं ते सुचेना.

काकांना हे बाईंनीच सांगितलं, कचेरीत, दार लोटून. सांगताना त्यांचा आवाज शांत होता, ऐकणारे काका मात्र दार नीट लागलंय का ते दोनदा उठून बघून आले. बाई म्हणाल्या की त्या आईला घेऊन दुसरीकडे राहायला जाताहेत, कुठे ते कोणालाच सांगणार नाहीत, आणि मतदानाला तिथूनच बसतील. काका घाईघाईने म्हणाले की मलाही सांगू नका. बाईंना वाटलं, किती जपतात. खरं म्हणजे काकांना ते नुसतं माहीत असण्याचीच भीती वाटली होती. माहीत असलेलं कोणीतरी काढून घेऊ शकतं.

सभेच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या की खोली लहान आहे, पडदा लावला की अंधार होतो, चेहरा नीट दिसत नाही. चालेल का?

काकांनी क्षणभर नियम आठवला. "नाही चालणार, बाई. चेहरा स्वच्छ दिसायला हवा, नाहीतर त्यावरूनच हरकत घेतील. पडदा उघडा ठेवा."

"बरं," बाई म्हणाल्या.

सभा दुपारी भरली. सभागृहात एवढी गर्दी कधी झाली नव्हती. प्रेक्षकांच्या बाकांवर बालवाडीच्या आया दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि सगळ्यांत मागे, दाराजवळ, ठेकेदाराचा माणूस होता. त्याला गॉगलवाला म्हणत, कारण घरात असो की बाहेर, गॉगल कपाळावर चढवलेलाच असायचा. तो प्रत्येक सभेला यायचा आणि एक शब्दही न बोलता शेवटपर्यंत बसायचा. काका त्याच्याकडे बघायचं टाळत. दाराबाहेर एक हवालदार खुर्चीत बसून पेंगत होता.

समोरच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर तीन चौकटी होत्या. पाय मोडलेले अकराव्या प्रभागाचे, तान्ह्या मुलाची आई असलेल्या सोळाव्या प्रभागाच्या, आणि बाई. बाईंच्या मागे भिंतीवर एक साधी चादर टांगलेली होती, म्हणजे भिंतीवरूनही कोणी घर ओळखू नये. फोन समोर पालथा ठेवलेला. चेहऱ्यावर स्वच्छ उजेड. काकांना बरं वाटलं. सगळं नियमाप्रमाणे होतं.

चर्चा लांबली. विरोधात बोलणाऱ्यांत मिशीवाले पुढे होते, पाचव्या प्रभागाचे. त्यांची ठेकेदाराशी ऊठबस होती आणि ते ती लपवतही नसत. त्यांनी शहर स्वच्छ ठेवणाऱ्या माणसाचे पाय ओढू नका म्हणून अर्धा तास पाय ओढले. मग अध्यक्ष म्हणाले, "पुरे आता. मतदान घ्या."

काकांनी घरून बसलेल्यांना खोली दाखवायला सांगितली. पाय मोडलेल्यांनी बसल्या बसल्या लॅपटॉप फिरवला, कपाट, देव्हारा, प्लॅस्टर घातलेला पाय. सोळाव्याच्या ताईंनी मूल खांद्यावर टाकून एका हाताने फिरवला, पाळणा, वाळत घातलेली दुपटी. मग बाई उठल्या. एक भिंत. दुसरी भिंत, तिच्यात आतल्या खोलीचं बंद दार. तिसरी भिंत, तिच्यात खिडकी.

पडदा उघडा होता.

खिडकीबाहेर पाण्याची उंच टाकी होती. खालून अर्ध्यापर्यंत निळी आणि वर मळकी पांढरी. रंगाचं काम पैसे संपले म्हणून मध्येच थांबलं होतं आणि त्या अर्ध्या टाकीवरून सगळं गाव नगरपरिषदेला हसत होतं. टाकीचा गोल जिना बरोबर समोर दिसत होता. तो असा समोर दिसतो ते फक्त बंद पडलेल्या दूध डेअरीच्या कामगारांच्या इमारतीतून. हे काकांना कळलं तसं तिथल्या प्रत्येकाला कळलं असणार. बाईंना तेवढं कळलं नव्हतं. त्यांनी चौथी भिंत दाखवली, लॅपटॉप नीट ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

काकांनी न राहवून मागे बघितलं. गॉगलवाला उठला होता. त्याने फोन कानाला लावला, एका बाईच्या पायाला धक्का लागला तर तिची माफीही मागितली, आणि घाई न करता दाराबाहेर गेला.

असं भय त्यांनी जन्मात अनुभवलं नव्हतं, आणि जन्मभर ते भीतच आले होते. आपणच पडदा उघडायला सांगितला, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. शेजारी माइक सांभाळणारा वायरमन बसला होता, नगरपरिषदेचा जुना माणूस. काकांनी त्याच्या कानात सांगितलं की कचेरीत जा, पोलिसांना फोन कर, डेअरीच्या इमारतीत पाठव, बाई तिथं आहेत. वायरमनने काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि एक प्रश्नही न विचारता उठला.

पण पोलीस कधी पोचणार? ठेकेदाराची माणसं गावात नाक्यानाक्यावर दिवसभर बसलेली असत, हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंना कसं सांगायचं? त्यांचा फोन पालथा होता, मुका होता, काकांच्या नियमाने. माइकवरून पळा म्हणून सांगावं तर त्या मत न देता उठतील, आणि उठलेल्याचं मत धरायचं नाही, हाही काकांचाच नियम. न सांगावं तर एकपासून सुरुवात होणार. प्रत्येक जण मताआधी दोन शब्द बोलणार, मिशीवाले दोनावर थांबणार नाहीत, आणि सतराव्यापर्यंत बाई तिथंच बसून राहणार, शहाण्या मुलीसारख्या. आपण किती बारकाईने ही खोली सगळीकडून बंद केली आहे, हे काकांना तेव्हा दिसलं.

"घ्या ना, काका," अध्यक्ष म्हणाले.

काका माइकजवळ वाकले. "प्रभाग सतरा."

सभागृहात चुळबुळ झाली. अध्यक्षांना वाटलं, म्हातारा चुकला. ते म्हणाले, "एकपासून घ्या."

"प्रभाग सतरा," काका पुन्हा म्हणाले. आवाज इतका कापत होता की माइक खरखरला.

स्क्रीनवर बाईंनी मान वर केली. या माणसाने त्यांना सभेचं अक्षरन् अक्षर शिकवलं होतं. हा क्रम चुकवणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला सगळ्यांना दिसला, उजेड स्वच्छ होता.

"ठरावाच्या बाजूने," बाई म्हणाल्या.

"नोंदलं, बाई. आता तुम्ही समोर बसायची गरज नाही. लगेच उठलात तरी चालेल."

बाईंनी खिडकीकडे बघितलं. टाकी त्यांना आता दिसली. त्या उठल्या तशी खुर्ची मागे पडली, त्यांनी आईला हाक मारलेली ऐकू आली, आतलं दार उघडलं, आणि मग चौकटीत फक्त चादर आणि टेबलावरचा पालथा फोन उरला.

मिशीवाल्यांनी लगेच हरकत घेतली. क्रम मोडला, मत बाद करा, लिपिकाला ताकीद द्या. एरवी अशा हरकतीने काका अर्धमेले झाले असते. आज त्यांना शब्द ऐकूच येत नव्हते. ते त्या रिकाम्या चौकटीतून येणारा आवाज ऐकत होते. वॉकर फरशीवर टेकल्याचा टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. म्हातारी निघाली होती. जिना उतरायचा म्हणजे तिला जन्म लागणार. काका मनात म्हणत होते, तो वॉकर टाका बाई, उचलून घ्या तिला. मग टकटक थांबली.

गेलेल्या सभासदाची चौकट बंद करायची असते. काकांचा हात बटणाजवळ होता. त्यांनी तो बाजूला घेतला.

दार वाजलं ते सभागृहातल्या चारी स्पीकरांमधून. आधी साधं, पाहुणा वाजवतो तसं. मग लाथेने. मिशीवाले बोलता बोलता थांबले. दाराचं लॅच तुटल्याचा आवाज आला आणि चौकटीत दोन माणसं आली, एकाच्या हातात लोखंडी गज. त्यांनी पडलेली खुर्ची पायाने बाजूला सारली. एक जण आतल्या खोलीत गेला. तिथं काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त भांडी पडल्याचं आणि पलंग ओढल्याचं ऐकू येत होतं. बालवाडीच्या एका आईने तोंडावर पदर धरला. काका म्हातारीच्या किंकाळीची वाट बघत होते. ती आली नाही, तरी त्यांची भीती कमी झाली नाही. किंकाळी न येण्याचीही कारणं असतात.

गजवाला टेबलाजवळ आला. फोन उचलून बघितला. मग त्याचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं आणि तो वाकला. त्याचा चेहरा भिंतभर झाला, नाकावरच्या घामासकट. त्याला आपण काय बघतोय ते कळायला वेळ लागला. त्याच्यासमोरच्या छोट्या चौकटीत अख्खं सभागृह त्याच्याकडे बघत होतं.

अध्यक्ष उठून उभे राहिले. भांडण सुरू झालं की चहा मागवणारा माणूस तो. त्यांनी माइक ओढला आणि म्हणाले, "आम्ही सगळे तुला बघतोय. गावही बघतंय."

माणसाने हात उगारला आणि चौकट काळी झाली.

मिशीवाले खाली बसले होते आणि रुमालाने मान पुसत होते. पंखे फिरत होते. पेंगणारा हवालदार आत येऊन उभा राहिला होता आणि काय झालं ते विचारायची त्यालाही हिंमत होत नव्हती. बाई मेल्या असतील तर त्यांना मारणारे दोन नव्हते, तीन होते, असं त्यांच्या मनात स्पष्ट आलं.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. दारात वायरमन दिसला. त्याने काकांना हाताने बोलावलं. "काका, फोन."

चालू सभेतून लिपिकाने उठायचं नसतं. काका उठले. कचेरीतला रिसीव्हर टेबलावर आडवा पडलेला होता. तो कानाला लावण्याआधी ते क्षणभर नुसते उभे राहिले.

"काका." बाई कुजबुजत होत्या. आईला पाठीवर घेऊन त्या समोरच्याच बिऱ्हाडात शिरल्या होत्या. तिथं एक नर्स राहते, ओळख ना पाळख, तिने दोघींना आत ओढलं, आपला फोन हातात दिला आणि न्हाणीघरात कोंडलं. माणसं येऊन गेली ते भिंतीतून ऐकू येत होतं. आता खाली पोलिसांची गाडी आली आहे. आई ठीक आहे, फक्त बोलत नाही. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "माझं मत धरलं का?"

काका रडायला लागले. "बाई, पडदा मीच उघडायला सांगितला तुम्हाला."

"ते आपण नंतर बोलू," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात ते नंतर सोपं नसणार हे होतं. "मत धरलं का?"

हरकतीवर अजून निर्णय झाला नव्हता. "धरलं," काका म्हणाले. अध्यक्षांनी नियम न बघता धरावं, एवढीच त्यांची प्रार्थना होती.

ते परत आले तेव्हा सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. दोघी सुखरूप आहेत, ते म्हणाले. मागच्या बाकांवर कोणीतरी हुंदका दिला. अध्यक्षांनी मिशीवाल्यांकडे एकदा बघितलं आणि हरकत फेटाळली. क्रम बदलला म्हणून मत बदलत नाही, ते म्हणाले. मग काकांनी प्रभाग एकपासून नावं घ्यायला सुरुवात केली.

आज दोन शब्दसुद्धा कोणी बोललं नाही. पण मत द्यायला प्रत्येकाला वेळ लागत होता. प्रभाग एकचे म्हातारे गृहस्थ ठरावाच्या बाजूचे पक्के म्हणून धरलेले होते. ते उभे राहिले आणि बराच वेळ त्या काळ्या चौकटीकडे बघत राहिले. काकांना कळत होतं, ते आपल्या घराचं दार आठवताहेत. शेवटी ते बाजूने म्हणाले, पण इतकं हळू की काकांना पुन्हा विचारावं लागलं, आणि पुन्हा विचारताना काकांना लाज वाटली. मिशीवाल्यांनी विरोध म्हणताना कोणाकडेच बघितलं नाही. पाय मोडलेल्यांनी बाजूने म्हटलं आणि ताबडतोब आपला कॅमेरा बंद केला. मतं समोरासमोर चढत गेली आणि शेवटी दोन्हीकडे बरोबर सारखी झाली. सोळावा प्रभाग उरला.

स्क्रीनवर तान्ह्या मुलाची आई एकटीच राहिली होती. मूल खांद्यावर झोपलेलं. काकांनी नाव घेतलं. ताई मागे वळून आपल्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकीबाहेर काही विशेष नव्हतं, एक झाड आणि समोरच्या घराचं छप्पर. त्या उठल्या, मूल सांभाळत खिडकीपाशी गेल्या आणि पडदा ओढला. खोलीत अंधार झाला. मग बहुधा दिवाही बंद केला, कारण चौकटीत काहीच राहिलं नाही, ना ताई, ना मूल.

काकांनी वाट बघितली. अंधारातून मूल कुरकुरल्याचा आवाज आला, थोपटल्याचा आवाज आला, आणि मग ताईंचा.

"बाजूने."

मिशीवाले अर्धवट उठले. त्यांना हे म्हणायची इच्छा नसावी, पण म्हटलं नाही तर संध्याकाळी त्यांनाही कोणालातरी उत्तर द्यायचं होतं. "अध्यक्ष महाराज, चेहरा दिसत नाही. त्या जागेवरून उठल्या आहेत. नियम आहे."

अध्यक्ष काकांकडे वळले. सगळं सभागृह वळलं. कपाळावर गॉगल चढवलेला माणूस पुन्हा येऊन दाराजवळ बसला होता आणि सरळ त्यांच्याकडे बघत होता, त्यांचा चेहरा लक्षात ठेवत होता. काकांनी भिंतीवरच्या त्या काळ्या चौकटीकडे नीट बघितलं.

"मला दिसतोय," ते म्हणाले. "मत नोंदलं."